बटाट्याच्या शेडमधला हंगाम

या संघाबद्दल लिहिणारा मी कोण, हा प्रश्न लिहायला बसल्यापासून माझा मलाच पडला आहे. मी बास्केटबॉल खेळत नाही. त्यातले नियम अजूनही मला पुरते कळत नाहीत. आमच्या घरात आजवर कोणी लेख लिहिलेला नाही. लिहायची वेळ आलीच तर अर्ज लिहितात, आणि तोही दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतात. या मुलींबद्दल खरं तर त्यांच्या कोचने लिहायला हवं होतं, नाहीतर त्यांनी स्वतः. पण त्या खेळत होत्या आणि मी पोत्यावर बसून बघत होतो. बघणाऱ्याला आठवायला वेळ असतो. तेवढ्या अधिकारावर लिहितो आहे. काही कमीजास्त झालं तर अवसरीच्या आणि जुन्नरच्या माणसांनी मोठ्या मनाने सोडून द्यावं, ही विनंती.

चैत्र लागला की आमच्या भागात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. अवसरी खुर्दच्या आमच्या कॉलेजात तेव्हा परीक्षेचे दिवस असतात. दुपारी वाचनालयाच्या खिडकीतून गरम वारा येतो, त्याला काढून टाकलेल्या कांद्याचा वास असतो, आणि त्याच वाऱ्यावर कुठल्यातरी गावच्या घाटातून, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या चढावरून, भोंग्याचा आवाज येतो. "आली, आली, आली... भिर्रर्रर्र!" आवाज कधी जवळ येतो, कधी उसाच्या पलीकडे बुडतो. यंदाही आला. समोर पुस्तक उघडं होतं आणि बाकावरची पोरं हसत होती. मला मात्र तो आवाज ऐकून बैल आठवत नाहीत. मला आठवतात काळ्या-पिवळ्या कपड्यांतल्या मुली, तापलेल्या पत्र्याखाली धावणाऱ्या, आणि त्यांच्या पायाखालच्या फळ्यांमधून वर येणारा बटाट्याचा वास.

हा संघ जन्मला पुण्यात. खेळाडूंना करारावर घेऊन पगार देणारी बायकांची बास्केटबॉल लीग निघाली, तेव्हा तिथल्या एका बिल्डरशेठनी एक संघ घेतला. त्याचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं आणि शेवटी ‘लेपर्ड्स’ असं होतं. पहिले दोन हंगाम सामने मोठ्या हॉलमध्ये झाले. खुर्च्या हजारो, माणसं थोडी. "आमी बाकावर बसून प्रेक्षक मोजायचो," तबस्सूमताई सांगायची, "आन मोजून झाले की त्यांची नावं घ्यायचो. सगळे आमचेच नातेवाईक."

तबस्सूमताई जुन्नरची. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान आहे. जुन्नरमध्ये ती सगळ्यांत उंच मुलगी होती आणि संघात सगळ्यांत बुटकी. चेंडू घेऊन पुढे जाणं, कोणी कुठे पळायचं ते सांगणं, हे तिचं काम. तिच्याएवढ्या उंचीची खेळाडू दुसऱ्या कुठल्या संघाने घेतली नसती. सुरेखा मॅडमनी घेतली, कारण त्यांनी तिला पळताना बघितलं होतं. हा संघ गेला असता तर बाकीच्या मुलींना दुसरे संघ मिळाले असते. ताईला फक्त दुकान होतं.

सुरेखा मॅडम म्हणजे संघाच्या कोच, माहेरच्या अवसरी बुद्रुकच्या. दुसऱ्या हंगामानंतर शेठ संघ बंद करायला निघाले, तेव्हा मॅडम त्यांना म्हणाल्या, "माझ्या गावाकडे न्या. माणसं मी आणते." शेठनी एकच हंगाम दिला. माणसं आली तर संघ ठेवतो, नाही आली तर मी मोकळा. असं स्वच्छ बोलून घेतलं त्यांनी. मॅडमच्या भावाची अवसरीच्या फाट्याजवळ बटाटे ठेवायची मोठी शेड रिकामी पडली होती. पुण्याहून ट्रकने लाकडी फळ्या आल्या, एकमेकींत अडकवत जमीन तयार झाली, दोन्ही टोकांना बोर्ड उभे राहिले. म्हातारी माणसं येऊन फळ्यांवर काठी आपटून बघायची. "ह्याच्यावर नाचनार का पोरी?" एकाने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पळणार, आबा." "मंग रान काय कमी व्हतं?"

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. माझं गाव मढ, माळशेजच्या वाटेवरचं. तिथे आम्हाला कबड्डी माहीत, पाऊस माहीत, भाताची आवणी माहीत. वडिलांना फोनवर मी सांगितलं की इकडे बास्केटबॉलचा संघ आलाय. त्यांनी खेळ समजून घेतला आणि म्हणाले, "टोपलीत चेंडू टाकायचा, आन टोपलीला बूडच न्हाई? मंग रातच्याला टोपलीत राहतं काय?" 

सोमवारी सकाळी मी गावाहून होस्टेलवर परतायचो. जुन्नरच्या स्टँडवरून मंचरची एसटी. त्याच एसटीत ताई असायची, रविवारची सुट्टी घरी काढून सरावाला निघालेली. मांडीवर निळी पिशवी, तिच्यात चेंडूचा गोल उठलेला. पहिल्यांदा कंडक्टरने विचारलं, "कलिंगड कुठं घिऊन चालला, ताई?" ती म्हणाली, "अवसरीला. तिकीट लागतं का त्याला?" मी हसलो, आणि मग आमची ओळख झाली. तिने मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. "काय मढकर, पेपर कवापासून?" असंच विचारायची.

मी बुजरा आहे. वर्गात शंका असली तरी हात वर होत नाही. समोरचे सर काय म्हणतील, मागचे काय म्हणतील, आपलं बोलणं गावंढळ तर वाटणार नाही ना, एवढं सगळं मनात होईपर्यंत तास संपतो. शेडमध्ये मी पहिल्यांदा जे बघितलं ते हे, की या मुली चेंडू मागतात. मोठ्याने, हात वर करून. "बॉल! इकडं! बॉल!" मिळाला नाही तर पुन्हा मागतात. मिळाला आणि चुकला, तरी पुढच्या खेपेला परत मागतात. त्यांच्यातल्या कोणालाच त्याची लाज वाटत नव्हती. मी कितीतरी संध्याकाळी फक्त तेवढंच बघत बसलो आहे.

पहिल्या सामन्याला गावातली माणसं आली ती संघाच्या नावामुळे बिचकतच. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात आणि वाघ म्हणजे उसातून येऊन शेरडं नेणारा. दारातल्या एका म्हातारीने मॅडमना धरलंच. "आगं सुरेखा, माजी दोन करडं नेली त्या मेल्यानं. त्याच्या नावानं मी वरडू व्हय?" मॅडम म्हणाल्या, "त्याच्या नका ओरडू मावशी, पोरींच्या नावानं ओरडा." मावशी आत येऊन बसल्या. पुढे त्या एकही सामना चुकल्या नाहीत, पण ‘लेपर्ड्स’ हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. गावाने मग वाघिणी असंच नाव ठेवलं आणि तेच चाललं.

शेड दिवसभर तापायची. खिडक्यांना ओली गोणपाटं लावलेली असायची, त्यांतून वारा आला की क्षणभर गार वाटायचं आणि ओल्या तागाचा वास सुटायचा. संध्याकाळी सामना सुरू व्हायच्या आधी कांदाकाटणीच्या बाया थेट शेतातून यायच्या. डोक्याला टॉवेल, हाताला कांद्याचा वास. खुर्च्या असल्या तरी त्या पोत्यांवरच बसायच्या, पाय पसरून. वर चिमण्यांनी घरटी केली होती. शिट्टी वाजली की चिमण्या उडायच्या आणि चेंडू पहिल्यांदा फळीवर आपटला की तो आवाज पत्र्याला लागून दुप्पट होऊन खाली यायचा.

आणि त्या सगळ्याच्या वर बबनअण्णांचा आवाज.

अण्णा अवसरीचे शेतकरी. स्वतःचे बैल आहेत, पण त्यांना सगळा तालुका ओळखतो तो घाटातला निवेदक म्हणून. शर्यतीत एकेक गाडा चढाच्या धावपट्टीवर पळतो, त्या पळण्याला बारी म्हणतात. बारी संपते काही सेकंदांत, पण अण्णांनी वर्णन केली की ती घरी येऊन चार दिवस पुरते. मॅडमनी त्यांना सांगितलं, सामन्याचं वर्णन तुम्ही करा. अण्णा म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "पळणं कळतं ना?"

म्हणून शेडमध्ये चेंडू घेऊन कोणी निघालं की ती बारी व्हायची. बास्केट पडली की भिर्रर्र. पंच परराज्यातले, त्यांनी पहिल्या भिर्रर्रला दचकून खेळच थांबवला. पण खरी गोष्ट वेगळीच होती, ती मला उशिरा कळली. आमच्याकडे घाटात बायका सहसा जात नाहीत. अण्णांचा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता तो भोंग्यावरून, लांबून, भाकरी थापताना किंवा खुरपताना. तो आवाज समोर, माणसासकट, त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. अण्णांची बायको मालनकाकूसुद्धा. पहिल्या दिवशी त्या शेजारणीला म्हणाल्या, "घरात तर ह्यांच्या तोंडातनं मीठ दे, एवढंच येतं."

वाघिणी पहिला सामना जिंकल्या तेव्हा आमच्या लोकांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावाने केलं नसतं. घाटात गाडा जिंकला की भंडारा उधळतात. लोकांनी शेवटची शिट्टी समजून हळद उधळली, मुठी भरभरून, थेट त्या लाकडी जमिनीवर. शिट्टी शेवटची नव्हती. अजून थोडा खेळ बाकी होता. समोरच्या संघाची एक मुलगी पळत आली आणि पिवळ्या रेघेसारखी घसरत पार बोर्डाखाली गेली. तिला लागलं नाही, पण तिचे पांढरे बूट कायमचे पिवळे झाले. दोन्ही संघांच्या मुली, मॅडम, पंच, सगळे टॉवेल घेऊन जमीन पुसायला बसले, आणि अण्णा भोंग्यावरून सांगत होते, "पावणं, डाव्या हाताला ऱ्हायलं! त्या कोपऱ्यात बघा!" पुढच्या सामन्यापासून दारात मावशी बसल्या, टोपली घेऊन. आत येणाऱ्याने खिशातला भंडारा आधी टोपलीत टाकायचा.

माणसं येत होती. पोत्यांवर जागा मिळेना. शेठ एकदा येऊन दारातून बघून गेले आणि मॅडमना म्हणाले, असंच राहिलं तर पुढच्या वर्षाचं बघू. ताईने मला ते एसटीत सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मढकर, ‘बघू’ म्हणजे हो असतं का नाय?"

मग तो शब्द आला.

सामना शहरातल्या एका तगड्या संघाशी होता. ताईने त्यांच्या हातातून चेंडू काढला आणि एकटी निघाली. मागे सगळे. अण्णांना घाट दिसला असणार. ते उठून उभे राहिले आणि भोंग्यात ओरडले, "घोडी सुटली! घोडी सुटली रं! जुन्नरची घोडी सुटली, मागं चारी बैल, कुनाला सापडती का बगा!" शेड वेडी झाली. बास्केट पडली. सामनाही जिंकला.

पाहुण्यांकडच्या कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळीकडे फिरत होतं. महिला खेळाडूला भोंग्यावरून घोडी म्हणणारं गाव. लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं ते मी वाचलं आणि मोबाईल उलटा ठेवला. लीगच्या ऑफिसातून मॅडमना निरोप आला: खुलासा येईपर्यंत अवसरीतले उरलेले सामने बंद, ते पुण्यात होतील. शेठचा फोन आला. पुण्यात न्यायचं असेल तर मी इथेच बंद करतो.

अण्णांना आधी काही कळेच ना. फाट्यावर चहा घेताना ते आम्हा पोरांना विचारत होते, "मी शिवी दिली का, राव? आरं, घोडीवाचून गाडा हालतो का? घाटात तिच्यापरास मोठं कोन हाय?" बैलगाड्याच्या पुढे एक घोडी पळते, तिच्या मागे बैल पळतात. हे आमच्या भागात शेंबड्या पोराला माहीत. लीगच्या ऑफिसात कोणाला माहीत असणार? पण अण्णांना गप्प केलं ते मालनकाकूंनी. त्या म्हणाल्या, "तुमी मोठं म्हनलं आसंल. तिला काय ऐकू आलं, ते तिला इचारलं का?"

तिला काय ऐकू आलं होतं, ते मला पुढच्या सोमवारी कळलं. एसटी नारायणगावच्या पुढे गेल्यावर ताई आपणहूनच बोलली. शाळेत सातवी-आठवीत ती एकदम उंच झाली. वर्गातली पोरं, गल्लीतल्या बायका, सगळेच म्हणायचे, घोडी झालीय. ती वाकून चालायला लागली. दारातून आत शिरताना उगाच मान खाली घालायची. पुढे खेळायला लागली तेव्हा कुठे पाठ सरळ झाली. "अब्बांनी तो व्हिडिओ बघितला," ती म्हणाली, "आन दुकान लवकर बंद केलं. मी म्हटलं, अब्बा, अण्णांच्या मनात तसं नव्हतं. तर म्हणाले, स्कूलवालों के मन में भी क्या था, बेटी?"

त्याच आठवड्याच्या रविवारी अण्णा मोटारसायकलवरून जुन्नरला गेले. दुकानाच्या पायरीवर बसले. ताईच्या वडिलांनी चहा मागवला. दोघेजण बराच वेळ उन्हाळ्यावर बोलले, मग पाण्यावर, मग परत उन्हाळ्यावर. ताई आत बांगड्या लावत होती आणि ऐकत होती. शेवटी अण्णा तिच्याकडे वळले.

"पोरी, आमच्या घाटात ह्या शब्दाहून मोठा शब्द न्हाई. पन तुज्या शाळंत त्यो लहान व्हता, हे मला म्हाईत नव्हतं. माजं चुकलं."

ताई म्हणाली, "मग मला घाट दाखवा."

अण्णा गडबडले. "घाटात बाया येत न्हाईत गं."

"घोडी येते ना?"

तिचे वडील हसले, आणि मग अण्णाही.

जवळच्या एका गावची यात्रा होती. आम्ही होस्टेलची काही पोरंही गेलो होतो. धुळीने आभाळ भुरकट झालं होतं. आणि त्या गर्दीत, टोप्या आणि फेट्यांच्या मधून, सुरेखा मॅडम आणि त्यांच्यामागे अख्खा संघ चालत आला, ट्रॅकसूटमध्ये, सगळ्यांच्या वर डोकी काढून. केरळच्या मुली, छत्तीसगडच्या मुली, आणि पुढे ताई. त्यांच्या मागून मालनकाकू आणि कांदाकाटणीच्या बाया, पदर सावरत. माणसं बाजूला झाली. एका म्हाताऱ्याने आपली जागा दिली आणि म्हणाला, "बसा, हितनं वरपर्यंत दिसंल."

बारी सुटली. आधी धूळ, मग धुळीतून घोडी, मान लांब केलेली, आणि तिच्या मागे चार बैल, जमीन हादरवत. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं वर निघून गेलं. ताई पाय उंचावून उभी होती.

"हिला बैलांना बांधलेलं नाय?" तिने विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग बैल हिच्यामागं का पळतात?"

अण्णांनी थोडा विचार केला. "ती पळती म्हनून."

वर लोक भंडारा उधळत होते. बैलांच्या पाठीवर पडला, घोडीच्या कपाळावर पडला. तिच्या मानेवरून घाम गळत होता आणि एक माणूस तिच्याशी काहीतरी हळू बोलत होता, आपण घरच्या माणसाशी बोलतो तसं. ताई बराच वेळ तिकडे बघत होती. जाताना तिने घोडीच्या गळ्यावर हात ठेवला आणि हळदीने पिवळा झालेला तळवा तसाच ठेवून गाडीत बसली.

लीगच्या ऑफिसातल्या बाईंना तिने फोन केला तो मॅडमच्या समोर. काय बोलली ते मॅडमनी पुढे आम्हाला सांगितलं. ती म्हणाली, "मला राग आला होता, हे खरं. त्यांनी माफी मागितली, तेही खरं. शब्द मला उद्देशून होता, तर त्याचा निकाल मला लावू द्या. सामने इथंच होऊ द्या." लीगने अण्णांना समज दिली आणि सामने परत अवसरीला आले. ताईने अण्णांना एकच अट घातली: आधी नाव घ्यायचं. प्रत्येक मुलीचं.

अण्णांनी नावं पाठ करायला घेतली. गोठ्यात बैलांपुढे म्हणायचे. केरळची एक सहा फुटी मुलगी होती जिन्सी. तिचं अण्णांच्या तोंडी जिन्नस झालं आणि तेच राहिलं. तिला अर्थ सांगितला तर ती पोट धरून हसली. पुढच्या सामन्याला अण्णा आले ते शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखे. "तबस्सूमकडून... जिन्नसकडं. जिन्नसकडून पूनमकडं." भिर्रर्र नाही, बारी नाही. शेड गप्प. मुलीही जडजड खेळत होत्या. मधल्या वेळात ताई पाणी पिता पिता त्यांच्यापाशी गेली. "अण्णा, आवाज बसला का?" "नावं घोकून घोकून बसला, पोरी."

शेवटी शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखे झाले. पाहुण्यांच्या मुलीने चेंडू फेकला आणि ताईने तो मधल्यामध्ये उचलला. समोर मोकळी जमीन. अण्णा उभे राहिले. "तबस्सूम!" ओरडले. "जुन्नरची तबस्सूम!" आणि पुढचा शब्द तोंडापर्यंत आलेला त्यांनी गिळला, आम्हाला तो गिळताना दिसला. भोंगा हातात तसाच.

तेव्हा पोत्यांवरून मालनकाकूंचा आवाज आला. त्या माउलीने आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नसेल. "घोडी सुटली!" त्यांच्या मागे मावशी. मग कांद्याच्या हातांच्या सगळ्या बाया, उभ्या राहून, पदर खांद्यावरून घसरलेले, "घोडी सुटली! घोडी सुटली गं!"

ताई पळता पळता हसत होती. हसताना चेंडू हमखास चुकतो, असं मॅडम म्हणायच्या. नाही चुकला.

त्या हंगामात वाघिणी उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. तो सामना लांब दक्षिणेत होता. आम्ही होस्टेलच्या गच्चीवर एका मोबाईलभोवती बसून तो हरलेला बघितला. शेठनी संघ ठेवायचं कबूल केलं. पण पुढच्या वर्षी लीगच भरली नाही. पैसा घालणारे उरले नाहीत म्हणे. फळ्या सुट्या करून शेडच्या एका बाजूला रचल्या गेल्या आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा बटाटे आले. मुली आपापल्या गावांना गेल्या. सुरेखा मॅडम पुण्यात शाळेवर लागल्या.

दोन वर्षं मी जुन्नरच्या स्टँडवर उतरलो की वाट वाकडी करून बाजारपेठेतून जायचो. ताई दुकानात असायची. एखाद्या नवरीच्या हातात चुडा भरताना तिची बोटं चेंडूवर चालायची तशीच चालायची, जोर न लावता. आणि सकाळच्या गाडीने आलो तर ती शाळेच्या मैदानावर दिसायची. तिथे एक गंजलेली रिंग आहे, जाळी नाही. ती एकटी पळायची, वळायची, चेंडू टाकायची, स्वतःच जाऊन आणायची. मी एकदा विचारलं, "ताई, लीग तर बंद आहे. मग रोज?" ती म्हणाली, "उघडली आन मी तयार नसले, तर?" मी त्या दिवशी कॉलेजात पहिल्यांदा हात वर करून शंका विचारली. शंका साधीच होती. सरांनी उत्तर दिलं आणि पुढे गेले. जगात काही झालं नाही.

मी हे का लिहितो आहे, असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. मोठ्या संघांचा इतिहास लिहिणारे असतात. या संघाने एकही चषक जिंकला नाही. अवसरीत तो एकच उन्हाळा राहिला. पण त्या उन्हाळ्यात काही बायका घाटात गेल्या, आणि तेव्हापासून यात्रेत त्यांच्यासाठी चढाच्या कडेला जागा ठेवतात. कोणी ठराव केला नाही. आपोआप ठेवतात. मुली कुठून कुठून आल्या, खेळल्या, गेल्या, आणि त्यांना हे माहीतही नसेल.

गेल्या आठवड्यात मी आणि अण्णा फाट्यावर चहा पीत होतो. ताईचा फोन आला. मागे आगगाडीचा आवाज. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मढकर, लीग निघाली परत. शेठनी संघ नागपूरच्या एका कंपनीला विकला. जुन्यातल्या दोघींनाच घेतलं. मी आन जिन्सी."

"विकला?" अण्णा फोनवर वाकले. "म्हंजी आपला संघ गेला?"

"नाव गेलं अण्णा, रंग गेला. पण मी करारावर सही करताना विचारलं त्यांना. म्हणाले, संघ तोच धरलाय. पुण्यातले आणि शेडमधले सगळे सामने त्याच्याच नावावर मोजणार. जिंकलेले आन हरलेले."

"हरल्याले कशाला मोजत्यात?" अण्णा म्हणाले.

ताई हसली. दौंड मागे पडलंय, उद्या सकाळी पोचेन, असं काहीतरी सांगत होती, तोवर रेंज गेली. चहा गार झाला होता, तो अण्णांनी एका घोटात संपवला.

"लाव परत," ते म्हणाले. "पयली म्याच कवा हाय, ते ऱ्हायलं इचारायचं."